साच्याची भाषा: जुनी अमेरिकन मोटारकिटं ओळखायची, तपासायची आणि सांभाळायची कशी

आमच्या गावाचं नाव मी जुन्या पुठ्ठ्यावर पहिल्यांदा वाचलं ते एका इस्टेट सेलमध्ये. इकडे घरातलं वडीलधारं माणूस गेलं की घर विकण्याआधी सगळं सामान, आहे त्या जागी, किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवून विकायला काढतात. त्या घराच्या तळघरात, वाळून खडंग झालेल्या रंगांच्या बाटल्यांशेजारी, छोट्या मोटारी जोडण्यासाठी प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे, म्हणजे किटांचे, लांबट चपटे डबे रचून ठेवले होते. वरच्या डब्यावर लालभडक मोटारीचं चित्र, आणि कडेला बारीक अक्षरांत: एएमटी कॉर्पोरेशन, ट्रॉय, मिशिगन. मी याच ट्रॉयमध्ये इतकी वर्षं राहतो, आणि अमेरिकेतल्या दोन पिढ्यांच्या पोरांनी जोडलेल्या मोटारी या गावच्या नावाने विकल्या जात होत्या याचा मला पत्ता नव्हता.

डबा उघडून आतली बॉडी हातात घेतली आणि सवयीने आधी पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ, बघितली. भोसरीच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे घडवतात तिथे, ज्याने उमेदवारी केली तो दुसरं काय बघणार? मोटारीच्या आधी मला साचा दिसला. त्या दिवशी पाच डॉलरला घेतलेलं ते किट निम्मं जोडलेलं, निम्मं हरवलेलं होतं. पण तेव्हापासून माझी पारख करायची रीत तीच राहिली. या छंदात नवखी माणसं फसतात ती बहुधा डब्यावरचं चित्र आणि वर्ष बघून. किटाची किंमत मात्र त्याच्या साच्याचं पुढे काय झालं यावर ठरते. तो तसाच राहिला, कापून बदलला, की भंगारात गेला? हा प्रश्न विचारायची सवय लागली की बाकीचं बरंचसं आपोआप सुचतं.

आधी साच्याची गोष्ट

एएमटी म्हणजे ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज. 1948 साली डेट्रॉइट भागात सुरू झालेल्या या कंपनीने पहिल्यांदा फोर्ड गाडीची ॲल्युमिनियमची छोटी प्रतिकृती काढली. लवकरच ती प्लॅस्टिककडे वळली आणि नावात फक्त तीन अक्षरं उरली. या प्रतिकृतींना प्रोमो म्हणत. नवी मोटार बाजारात आली की डीलरच्या काउंटरवर तिची हुबेहूब, कारखान्याच्याच रंगातली, तयार जोडलेली छोटी आवृत्ती ठेवलेली असे. गिऱ्हाइकाच्या मुलाच्या हातात ती द्यायची, म्हणजे बापाला मोठी घ्यावीशी वाटेल, असा साधा हिशेब.

1958 मध्ये एएमटीने प्रोमोच्याच साच्यांतून निघालेले सुटे भाग, जोडीला काही जास्तीचे, डब्यात भरून विकायला काढले. हेच 'थ्री इन वन' किट. एकाच डब्यातून कारखान्यातून निघाली तशी, हौसेने नटवलेली किंवा शर्यतीची अशी कुठलीही एक गाडी जोडता येई. किंमत दीड-दोन डॉलर. सुरुवातीच्या कित्येक किटांत इंजिन नसायचं, बॉनेट बॉडीतच ओतलेलं असायचं आणि चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, खालून स्क्रूने बसायची. हा प्रोमोचा वारसा. असं किट मिळालं तर 'इंजिन हरवलंय' म्हणून परत करू नका.

आता मुद्द्याची गोष्ट. डेट्रॉइटच्या कंपन्या दर शरद ऋतूत नवं मॉडेल आणायच्या. बरेचदा बदल असायचा तो समोरच्या जाळीचा, मागच्या दिव्यांचा, कडेच्या पट्ट्यांचा. मग किटवाले नवा साचा कशाला करतील? ते गेल्या वर्षीच्याच साच्यात बदल कोरायचे. ज्याने साच्यावर काम केलंय त्याला माहीत असतं की धातू खरवडून काढणं सोपं आणि परत भरणं जिकिरीचं. एकदा कापलेला साचा सहसा मागे येत नाही. म्हणून या 'ॲन्युअल' किटांपैकी पुष्कळशी एकाच हंगामात निघाली आणि नंतर तशी कधीच निघू शकली नाहीत. काही साचे पुढे ड्रॅग रेसिंगच्या, म्हणजे सरळ रेषेत छोट्या अंतराच्या शर्यतीच्या, गाड्यांसाठी चाकांच्या कमानी मोठ्या करून कापले गेले. मूळ साधी गाडी तिथेच संपली.

याउलट एएमटीच्या 'ट्रॉफी सीरिज'मधली जुन्या गाड्यांची किटं, म्हणजे 1932 ची फोर्ड, 1940 ची फोर्ड कूपे वगैरे. मूळ गाडीच जुनी, त्यामुळे दरवर्षी साचा बदलायचं कारणच नव्हतं. हे साचे दशकानुदशकं छापखान्यासारखे चालले. तेव्हा '1932 ची फोर्ड' हे नाव वाचून छाती धडधडू देऊ नका. डब्यातलं प्लॅस्टिक कालपरवाचंही असू शकतं.

कशाचा संग्रह करायचा ते ठरवा

सगळंच गोळा करणाऱ्याचं घर भरतं, संग्रह होत नाही. मी माझ्यापुरती 1958 ते 1972 ही हद्द आखली आहे. तुम्ही कंपनी धरा, मोटारीचा एक ब्रँड धरा, किंवा एकाच प्रकारच्या गाड्या धरा, पण काहीतरी धरा.

नावं थोडक्यात. एएमटी सांगितलीच. जो-हॅन ही डेट्रॉइटचीच. क्रायस्लर, ओल्ड्समोबील, कॅडिलॅक आणि अमेरिकन मोटर्सच्या गाड्यांसाठी तिचं नाव आधी घ्यावं लागतं, आणि नक्षीच्या धारदारपणात माझ्या मते तिला तोड नाही. एमपीसी 1963 मध्ये निघाली, माउंट क्लेमेन्सला, एएमटी सोडून आलेल्या जॉर्ज टोटेफ यांनी काढलेली. मोनोग्राम शिकागोची, पुढे मॉर्टन ग्रोव्हची. रेव्हेल कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसची. हौशी गाड्या घडवणाऱ्या आणि चित्रं काढणाऱ्या एड रॉथच्या विचित्र गाड्या आणि त्याचा रॅट फिंक नावाचा गलिच्छ उंदीर हे रेव्हेलचं 1960 च्या दशकातलं वैभव. मॉन्स्टर, टीव्ही आणि चित्रपटांतल्या गाड्यांचा बाजार वेगळा आणि चढा असतो. तिथे किटवाल्यांशी शर्यत नसते, टीव्हीवेड्यांशी असते. सुरुवात तिथून करू नका.

मापाचा गोंधळ सगळ्यांचाच होतो. एएमटी, जो-हॅन, एमपीसी यांचं माप 1/25, मोनोग्रामचं बहुतेक वेळा 1/24. 1/24 म्हणजे एका फुटाला अर्धा इंच. 1964 ची शेवरले इम्पाला खरी सुमारे 5.33 मीटर लांब. 1/25 मध्ये ती 213 मिलिमीटर भरते, 1/24 मध्ये 222. नऊ मिलिमीटरचा फरक कपाटात शेजारी ठेवल्यावर लगेच डोळ्यांत खुपतो. जपानचं टामिया 1967 मध्ये होंडाच्या फॉर्म्युला वन गाडीचं 1/12 मापाचं किट घेऊन आलं आणि इंजिनिअरिंगच्या दर्जाची व्याख्याच बदलली. पण तो स्वतंत्र रस्ता आहे. साचा वर्षावर्षाला कापला जाण्याची भानगड तिथे नाही, त्यामुळे पारखही निराळी.

एक लाडका अपवाद सांगतो. क्रायस्लरने 1963-64 मध्ये टर्बाइन इंजिनाच्या 55 गाड्या बनवल्या. त्यांतल्या 50 आळीपाळीने 203 सामान्य कुटुंबांना चालवायला दिल्या आणि प्रयोग संपल्यावर 46 मोडीत काढल्या. खऱ्या गाड्या उरल्या नऊ. जो-हॅनने तिचं किट काढलं होतं, टर्बाइनसकट. खरीपेक्षा खोटी गाडी जास्त घरांत टिकली असं उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

डब्याचं वय काढा

डब्यावरच्या कॉपीराइटच्या वर्षावर विसंबू नका. ते चित्राचं, मूळ साच्याचं किंवा नुसतंच गाडीच्या मॉडेलचं वर्ष असू शकतं. मी पत्ता वाचतो.

अमेरिकेत पाच आकडी झिप कोड, म्हणजे आपल्याकडचा पिनकोड, 1 जुलै 1963 ला सुरू झाला. त्याआधी मोठ्या शहरांच्या नावापुढे एक-दोन आकडी विभाग-क्रमांक असायचा. पत्त्यात झिप कोड असेल तर तो पुठ्ठा त्या तारखेच्या आधी छापलेला नाही, एवढं पक्कं. बारकोडचंही तसंच. दुकानात पहिला बारकोड वाचला गेला 26 जून 1974 ला, च्युइंगमच्या पाकिटावर, आणि तोही ट्रॉयमध्येच. हे ट्रॉय ओहायोचं, आमचं नव्हे. इथल्या म्हाताऱ्या संग्राहकांचा हा आवडता विनोद आहे. तर बारकोड असलेला '1965 चा' डबा म्हणजे नंतरची आवृत्ती. वेबसाइटचा पत्ता छापलेला असेल तर बोलायलाच नको.

मालकी कोणाची हेही डबा सांगतो. 1978 मध्ये एएमटी इंग्लंडच्या लेझ्नीने घेतली, म्हणजे मॅचबॉक्सवाल्यांनी. 1983 मध्ये ती अर्टलकडे गेली, आयोवातल्या डायर्सव्हिलला, जिथे मुख्य धंदा खेळण्यातल्या ट्रॅक्टरांचा होता. एमपीसीही पुढे तिथेच पोचली. आज ही नावं इंडियानातल्या साउथ बेंडच्या राउंड टू कंपनीकडे आहेत. रेव्हेल आणि मोनोग्राम 1986 मध्ये एका छत्राखाली आल्या. 'लेझ्नी', 'अर्टल', 'साउथ बेंड' यांतलं काहीही बारीक अक्षरांत दिसलं की पहिल्या काळाचा दावा तिथेच निकालात निघाला. राउंड टू जुन्या डब्यांची चित्रं फार सुंदर परत छापते, म्हणून दुरून बघून पैसे काढू नका. डबा उलटा करा.

आणखी एक खूण मला फार आवडते. त्या काळी मालाच्या क्रमांकातच किंमत दडलेली असे. एएमटीच्या क्रमांकाच्या शेवटी 150 किंवा 200 आलं तर दीड किंवा दोन डॉलर. रेव्हेलच्या H ने सुरू होणाऱ्या क्रमांकात शेवटी दोन टिंबांनंतर किंमत येते. 250 म्हणजे अडीच डॉलर, आणि महागाई जशी वाढत गेली तसा हा आकडाही. त्याच गाडीचे 150 वाला आणि 250 वाला असे दोन डबे समोर आले तर आधीचा कुठला हे विचारावं लागत नाही.

डबा उघडून बघा, आणि घाई करू नका

सोबत चार वस्तू ठेवा: छोटा टॉर्च, दहापट भिंग, पांढरा रुमाल, आणि मोबाइलमध्ये त्या किटाच्या जोडणीपत्रकाचा फोटो. पुष्कळ जुनी पत्रकं इंटरनेटवर चित्ररूपात मिळतात. विक्रेत्याला विचारा, 'आत बघितलं तर चालेल का?' बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. जो नाही म्हणतो, त्याचा डबा तिथेच ठेवा.

आधी मोजणी. पत्रकातल्या क्रमाने एकेक भाग रुमालावर मांडा. भाग अजून काडीला, म्हणजे रनरला, लागलेले असतील तर उत्तम. सुटे असतील तर गेटची जागा, म्हणजे भाग काडीला जिथे जोडलेला होता ती, भिंगातून बघा. पिळून तोडलेल्या भागाला तिथे पांढरट व्रण असतो, कधी छोटा खड्डा. हमखास हरवणारे भाग म्हणजे आरसे, वायपर, स्टिअरिंगचा दांडा, बॅटरी आणि 'थ्री इन वन'मधले हौशी जास्तीचे भाग. तेच नसतील तर 'पूर्ण किट' हा शब्द विक्रेत्याने परत घ्यावा. मी एकदा घाईत मोजणी टाळली. घरी आल्यावर बॉडी 1966 ची आणि चासी भलत्याच गाडीची निघाली. कोणीतरी दोन अर्धवट डब्यांचा एक केला होता. विकणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसावं.

मग बॉडी. ती काचेच्या सपाट तुकड्यावर किंवा शोकेसच्या काचेवर ठेवा आणि डोळा काचेच्या पातळीला आणा. एक कोपरा उचललेला दिसला तर बॉडी वाकलीय. 1950 च्या दशकातले प्रोमो सेल्युलोज ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकचे असत. ते वर्षानुवर्षं आकसतात, बॉनेट फुगतं, छत खचतं. त्यावर इलाज नाही, आणि थोडाफार वाक असणं हेच त्यांचं नेहमीचं रूप मानून किंमत करतात. पॉलिस्टायरिनच्या किटाची बॉडी मात्र वाकली असेल ती बहुतेक वेळा माळ्यावरच्या उन्हाळ्याने किंवा वर ठेवलेल्या वजनाने. विंडशील्डच्या दोन्ही बाजूंचे खांब बारीक असतात. तिथे केसासारखी चीर आहे का ते टॉर्च आतून लावून बघा.

यानंतर माझं आवडतं काम, साचा वाचणं. दरवाजाच्या कडा, बिल्ल्यांवरची अक्षरं, जाळीच्या उभ्या रेघा भिंगातून बघा. साचा नवा असताना ओतलेल्या भागांत अक्षरं कोरल्यासारखी उठतात. साचा झिजला की कडा गोलावतात आणि जोडावर फ्लॅश येतो, पापुद्र्यासारखं जास्तीचं प्लॅस्टिक. भोसरीत 'फ्लॅश मारतोय' म्हटलं की डाय, म्हणजे साचा, दुरुस्तीला उतरवायची वेळ झाली. इथे मात्र उतरवायची घाई नव्हती, अजून एक आवृत्ती निघायची. त्याच गाडीची दोन किटं शेजारी ठेवा, कमी फ्लॅशवालं सहसा आधीचं.

आता चासी पालथी करा. पोटावर बऱ्याचदा कंपनीचं नाव कोरलेलं असतं. साचा दुसऱ्या मालकाकडे गेल्यावर नाव बदललं असेल तर तिथला चौकोन आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा किंचित वर किंवा खाली असतो, पोतही वेगळा लागतो. बोट फिरवा, कळतं. आणि बॉडीच्या आतल्या बाजूने चाकांच्या कमानी आणि मागच्या दिव्यांची जागा बघा. बाहेर एका वर्षाचे दिवे आणि आत आदल्या वर्षाच्या दिव्यांच्या खुणा असं चित्र दिसलं की तो साचा कापलेला आहे. ही खूण दोष नाही. एका साच्याचं एवढं आयुष्य हाताच्या अंगठ्याखाली सापडतं, म्हणूनच मला हा छंद लागला.

क्रोमचे भाग. हे खरं क्रोमियम नसतं. निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ बसवून वर लाखेचा पातळ थर दिलेला असतो. तो पुसला जातो, म्हणून बंपर रुमालाने 'जरा चमकवून' बघायचा मोह आवरा. काडीवरच घासून पिवळी जागा उघडी पडली असेल तर ती किमतीतून वजा करा.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी सांगतो: टायर. जुने टायर मऊ पीव्हीसीचे असतात. त्यांना लवचीक ठेवणारं प्लॅस्टिसायझर हळूहळू बाहेर झिरपतं आणि शेजारच्या पॉलिस्टायरिनला विरघळवतं. पन्नास वर्षं टायर गाडीच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या काचेला चिकटून बसला असेल तर तिच्यावर अर्धगोल डाग दिसतो, आणि तो डाग नसतो, खड्डा असतो. घासून जात नाही. डबा उघडल्या उघडल्या टायर कुठे आहेत ते बघा आणि ते जिथे टेकले होते तो भाग तपासा. कितीतरी देखणी किटं मी एवढ्या एका कारणाने न घेता परत ठेवून दिली आहेत. किट घेतलंच, तर घरी पोचण्याआधी, गाडीतच, टायर वेगळ्या पॉलिथिनच्या पिशवीत घाला.

डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून गाडीवर चिकटवायची चित्रं, पिवळे पडलेत म्हणून घाबरू नका. पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, काही दिवसांच्या उन्हाने पिवळेपणा बराच उतरतो. भीती असते ती चिरांची. जुना डेकल पाण्यात टाकताच चुरा होतो. आधी कोपऱ्यातला एखादा निरुपयोगी तुकडा भिजवून बघा, आणि शंका आली तर पूर्ण पानावर डेकलसाठी मिळणाऱ्या द्रव फिल्मचा थर द्या.

सीलबंद डब्याचा मोह

प्लॅस्टिकची शिवण शाबूत असलेल्या डब्याला लोक दुप्पट-तिप्पट मोजतात. माझं मत थोडं कडू आहे. सीलबंद म्हणजे न तपासलेला. आत टायरने काच खाल्ली असेल तर तुम्हाला कळणार नाही, तुमच्या वारसाला कळेल. शिवाय डबा पुन्हा सील करायचं यंत्र कोणालाही विकत मिळतं. जुनं प्लॅस्टिक काळाने ताठ, किंचित धुरकट होतं आणि कोपऱ्यांना फाटलेलं असतं. साठ वर्षांच्या डब्यावर लखलखीत, घट्ट, नव्यासारखी मऊ शिवण असेल तर थांबा. झाकणाच्या कडा झिजलेल्या आणि त्यावर प्लॅस्टिक मात्र धडधाकट, हे तर सरळसरळ उघड. पुठ्ठ्यावर जुन्या किंमतचिठ्ठीच्या गोंदाचा डाग प्लॅस्टिकच्या आत आहे का, हेही बघा. चिठ्ठी दुकानदार सीलवर लावतो, सीलखाली नाही.

एक युक्ती टूलरूमची. तेच किट पूर्ण स्थितीत माझ्याकडे असेल तर ते मी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलतो आणि सीलबंद डब्याचं वजन विक्रेत्याकडून मागतो. दमट हवेने पुठ्ठा थोडाफार इकडेतिकडे होतो, पण चासी किंवा अख्खी काडी गायब असेल तर काटा बोलतो.

किंमत

मागितलेल्या किमती वाचायच्या नाहीत, विकलेल्या वाचायच्या. ईबेवर झालेले सौदे वेगळे काढून दाखवण्याची सोय आहे. निदान पाच-सहा सौदे बघा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून द्या. एका वेड्या लिलावाने बाजार ठरत नाही.

मग साच्याचा प्रश्न पुन्हा. ही गाडी नंतर कधी निघाली का? निघाली असेल तर जुन्या डब्याचे पैसे फक्त पुठ्ठ्याचे आणि आठवणीचे. ज्याला गाडी जोडायची आहे तो नवी आवृत्ती घेईल. निघाली नसेल, साचा कापला गेला असेल, तर अर्धवट किटालाही किंमत आहे, कारण त्यातला प्रत्येक भाग कुणाला तरी हवा आहे. पण इथेही एक गोम आहे. अलीकडे काही कंपन्या हरवलेले साचे जुन्या किटांवरून नव्याने घडवतात. अशी बातमी आली की मूळ किटाचा भाव महिन्याभरात बसतो. मीही एकदा असा तोंडावर आपटलोय, आकडा सांगत नाही.

किटं शोधायला ओहायोतल्या टोलीडोचे मेळावे मला सगळ्यात आवडतात. तिथे एक तर विकणाऱ्यालाच साच्याची माहिती असते, आणि दुसरं म्हणजे दुपारी तीननंतर कुणालाही डबे परत गाडीत भरायचे नसतात. भाव तेव्हा करा.

ग्लू बॉम्ब वाचवणं

लहान पोराने बदाबदा डिंक ओतून जोडलेल्या गाडीला इथे 'ग्लू बॉम्ब' म्हणतात. माझ्या मते नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. स्वस्त मिळते, आणि ज्या गाडीचं कोरं किट परवडत नाही तिची निदान बॉडी हाती येते. जाता जाता: मॉडेलांचा डिंक बनवणाऱ्या टेस्टर्स कंपनीने 1969 च्या सुमारास आपल्या डिंकात मोहरीच्या झणझणीत तेलाचा अंश घातला, पोरांनी तो हुंगू नये म्हणून.

आधी ठरवा, सोडवण्यासारखं आहे का. डिंक जिथे सांध्यापुरता आहे तिथे आशा आहे. जिथे डिंकात बोटांचे ठसे उमटलेत तिथे प्लॅस्टिकच वितळलंय, ते परत येत नाही. सोडवण्यासाठी गाडी पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. गारठ्याने जुना डिंक ठिसूळ होतो. सकाळी सांध्यात पातळ पाते घालून हलकेच पिळलं की सांधा टचकन सुटतो. सुटला नाही तर जोर लावू नका, पुन्हा फ्रीझर. (आमच्याकडे 'बाबा, मटारात शेवरले का आहे?' हा प्रश्न आता कुणी विचारत नाही.)

रंग उतरवायला 91 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल पुष्कळदा पुरतं. बॉडी झाकणबंद डब्यात काही तास बुडवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. हट्टी रंगाला इथे मिळणारं जांभळं डीग्रीझर, म्हणजे तेलकट मळ काढणारं द्रावण, वापरतो, हातमोजे घालून, हवेशीर जागी. ब्रेक ऑइलचा जुना उपाय लोक सांगतात. मी तो सोडला, कारण ते अंगावर आणि नाल्यात दोन्हीकडे वाईट. ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर यांच्या वाटेला जाऊ नका, पॉलिस्टायरिनचा चिखल होतो. कुठलाही द्रव आधी रनरच्या तुकड्यावर. क्रोमचे भाग या आंघोळीतून बाहेर ठेवा, डीग्रीझरने ते काही मिनिटांत नागडे होतात. किंचित वाकलेली बॉडी चांगल्या कढत, पण उकळत्या नव्हे, अशा पाण्यात धरून हाताने सरळ करता येते. एका दमात नाही, तीन-चार वेळा.

सांभाळणं, आणि घरी नेणं

मिशिगनमध्ये माळा उन्हाळ्यात तापतो आणि तळघर ओलं असतं, म्हणून माझे डबे मधल्या मजल्यावर कपड्यांच्या कपाटात आहेत. एकावर एक तीनच. पुठ्ठा वजनाने खचतो. पुण्या-मुंबईकडे शत्रू वेगळे: पावसाळ्याची दमट हवा, आणि पुठ्ठ्यावरचा खळ खाणारी कसर. तिथे झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा मोठा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि दर पावसाळ्यानंतर एकदा सगळं उघडून वारा देणं. डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत, नॅफ्थलीनची वाफ पॉलिस्टायरिनला मऊ करते. उन्हात ठेवलेलं पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडतं, म्हणून शोकेस खिडकीसमोर नको.

प्रत्येक किटाची वहीत नोंद करतो: कुठे घेतलं, किती मोजले, कमी भाग कुठले, साच्याच्या खुणा काय. फोटो वेगळे. सहा महिन्यांनी तेच किट पुन्हा विकत घेऊन बसलो होतो, त्यानंतर सुरू केलेली ही शिस्त.

भारतातून ऑनलाइन मागवणार असाल तर आयात शुल्काचा हिशेब आधी करा. खेळणी आणि प्रतिकृतींच्या वर्गावरचं सीमाशुल्क 2020 च्या अर्थसंकल्पात 20 वरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70. मागवायच्या दिवशी काय दर आहे ते बघून मगच बोली लावा, नाहीतर पंचवीस डॉलरचं किट दारात येईपर्यंत साठला जातं. भाऊ-बहीण, मेहुणे इकडून येणार असतील तर त्यांच्या बॅगेत एखाददुसरा डबा बसतो. अशा वेळी मी आतल्या काड्या आणि बॉडी टिश्यूत गुंडाळून डब्यात ठेवतो, रिकामी जागा कागदाने भरतो म्हणजे खडखडाट होत नाही, डबा कपड्यांच्या मधोमध ठेवतो, आणि पावतीची प्रत झाकणाच्या आत चिकटवतो. टायरची पिशवी मात्र बॅगेच्या दुसऱ्या कप्प्यात.